टॉवेलवरचा पांढरा टिपका आणि रॅमच्या दोन पट्ट्या

सोलापुरात गड्ड्याची यात्रा लागली की आमच्याकडे पाहुण्यांची ये-जा सुरू होते. यंदा आलेल्यांपैकी दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. कॉम्प्युटरात रॅमची, म्हणजे चालू कामाला लागणाऱ्या मेमरीची, एक पट्टी आहे, दुसरी कपाटात पडून आहे, पण कंपनी वेगळी, स्पीड वेगळा. घातली तर चालेल का? पूर्वी हा प्रश्न कुणी फारसा विचारत नव्हतं, लोक सरळ नवी आणत. पण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले. चिपा बनवणाऱ्यांनी आपलं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे वळवलं आणि घरगुती ग्राहकाच्या वाट्याला महागाई आली. आता जो तो जुनी कपाटं उघडून बसलाय. पाहुण्यांना चहा उकळेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं मी सांगितलं. पण गेल्या उन्हाळ्यात मला हे प्रकरण चांगलंच महागात पडलं होतं, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते.

मी साखर पेठेत राहते. टॉवेल आणि चादरींची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढून देणं हे माझं काम. कारखानदार कधी जुन्या टॉवेलचा तुकडा आणतात, कधी मोबाइलवरचा फोटो. मी त्याचा ग्राफ करते, प्रत्येक रंगाला वीण भरते आणि फाइल पेनड्राइव्हवर देते. ती इलेक्ट्रॉनिक जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, कंट्रोलरला लावली की माग चालू. माझे वडील, अण्णा, हेच काम पुठ्ठ्यावर करायचे. समोर ग्राफचा कागद, हाताशी पंचिंगचं मशिन, आणि एकेका कार्डात भोकं. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा. जिथं भोक तिथला हूक वर, जिथं नाही तिथला खाली. हजार धाग्यांच्या डिझाइनला हजार कार्डं, आणि ती दोरीनं ओवून माळ करायची. माळ ओवण्याआधी अण्णा प्रत्येक कार्ड उजेडासमोर धरून बघायचे. एक भोक चुकलं तरी कापडावर दिसतं, आणि कापड विणून झाल्यावर त्याला खोडरबर नाही, हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

माझा कॉम्प्युटर २०१९ चा. आय३-८१०० प्रोसेसर, एच३१० चिपसेटचा बोर्ड, रॅमला दोनच स्लॉट, आणि त्यातल्या एकात डीडीआर४ ची, म्हणजे रॅमच्या चौथ्या पिढीची, ४ जीबीची एकच पट्टी, २४०० स्पीडची. ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही. घेतला तेव्हा भागायचं. पण २०२४ च्या उन्हाळ्यात डिझाइनचं सॉफ्टवेअर मधेच बंद पडायला लागलं. दुपारी जेवून बसले की तासाभरात एकदा तरी जायचंच. मी धरून चालले की मेमरी कमी पडते. एका बाजूला स्कॅन केलेली मोठी चित्रं, दुसरीकडे ब्राउझर, त्यात व्हॉट्सॲप उघडं, आणि ४ जीबी. कुणालाही असंच वाटलं असतं. पावसाळा लागला तसं बंद पडणं कमी झालं आणि मी विसरले. हे ‘पावसाळा लागला तसं’ मी तेव्हाच मनावर घेतलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

एप्रिल २०२५ मध्ये माझ्या भाच्यानं त्याच्या कॉम्प्युटरात १६ जीबीची जोडी टाकली आणि निघालेली ८ जीबीची पट्टी मला आणून दिली. डीडीआर४ च, पण २६६६ ची, आणि लेबल दुसऱ्याच कंपनीचं.

"आत्या, बसवू का लगेच?"

"चालेल का पण दोन्ही एकत्र?"

"नाही चालली तर काढू की."

त्यानं प्लग काढला, कॅबिनेटचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरलं म्हणजे आत राहिलेली वीज जाते, मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते आणि तिचा एक चटका चिपेला पुरतो, म्हणून हे करायचं. पट्टी कडांना धरून, खाच जुळवून, दोन्ही टोकांवर अंगठ्यानं दाबलं. टक्, टक्. चिमटे आपोआप मिटले. चालू केलं तर स्क्रीन काळीच. एकदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. मी घाबरले, तो म्हणाला थांब. नवी रॅम दिसली की बोर्ड तिच्याशी वेळा जुळवून बघतो, त्याला थोडा वेळ लागतो. खरंच, अर्ध्या मिनिटानं विंडोज आलं. टास्क मॅनेजरमध्ये १२ जीबी, स्पीड २४००.

२६६६ ची पट्टी २४०० वर का आली, हे मी त्याच दिवशी समजून घेतलं आणि ते मला फार आवडलं, म्हणून इथं जरा थांबते. सुताचा कोन घेतला की आत चिठ्ठी असते: काउंट, म्हणजे सुताची जाडी, किती, लॉट नंबर काय. रॅमच्या प्रत्येक पट्टीवरही एक बारीकशी चिप असते आणि तिच्यात अशीच चिठ्ठी लिहिलेली असते. माझी साइज एवढी, मी या या स्पीडला चालते, त्या त्या स्पीडला मला इतक्या इतक्या ठोक्यांची उसंत लागते. या चिठ्ठीला एसपीडी म्हणतात. कॉम्प्युटर सुरू होताना बायोस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, दोन्ही चिठ्ठ्या वाचतो आणि दोघींना झेपेल असा एकच वेग ठरवतो. सगळ्यात संथ पट्टीच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. एक भरभर, एक हळू, असं होत नाही. त्यात माझा आय३-८१०० मुळातच २४०० पर्यंतचा, आणि अशा साध्या बोर्डावर त्याच्यावर जाताही येत नाही. म्हणजे भाच्याची पट्टी एकटी असती तरी २४०० वरच चालली असती.

नुकसानही म्हणावं तसं नाही. ठोक्यांची ती उसंत लेबलावर सीएल म्हणून दिलेली असते: २४०० च्या पट्टीवर सीएल १७, २६६६ च्या पट्टीवर सीएल १९. मोठा आकडा बघून लोक गोंधळतात. पण हे ठोके आहेत, आणि ठोका स्पीडप्रमाणे लहान-मोठा होतो. हिशोब केला तर पहिलीला उत्तर द्यायला साधारण १४.१७ नॅनोसेकंद लागतात आणि दुसरीला १४.२५. सारखंच. फरक पडतो तो एका वेळी किती माल वाहून नेता येतो यात, आणि तिथं दोन पट्ट्या दोन वेगवेगळ्या चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या वेगवेगळ्या वाटांवर, असण्याचा फायदा स्पीडच्या फरकापेक्षा पुष्कळ मोठा. एका चॅनेलची वाट ६४ बिटांची, दोन मिळून १२८. ग्राफिक्स कार्ड वेगळं नसलेल्या माझ्यासारख्यांना तर हे डोळ्यांना दिसतं, कारण स्क्रीनवरचं चित्रसुद्धा याच रॅममधून जातं. ४ आणि ८ अशी विषम जोडी असली तरी इंटेलचे बोर्ड ८ मधले ४ दुसऱ्या ४ शी जोडून दुहेरी चालवतात आणि उरलेले ४ एकेरी. मोठं चित्र झूम करताना पूर्वी जो झटका बसायचा तो गेला. नऊ-दहा दिवस मी अगदी खुशीत होते.

मग एका कारखानदाराची ऑर्डर आली. निळ्या जमिनीवर पांढऱ्या कोयऱ्या, टेरी टॉवेल. मी डिझाइन केलं, दोनदा तपासलं, शनिवारी दुपारी सेव्ह करून फाइल दिली. सोमवारी सकाळी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून जॉबरचा, म्हणजे माग सांभाळणाऱ्या कारागिराचा, फोन.

"ताई, प्रत्येक कोयरीला टिपका पडालाय की. हूक बघितला, हार्नेस बघितला, मागाचं काय नाही. तुमच्या फाइलीतच असंल."

मी रिक्षानं गेले. त्यानं मागावरून कापलेला सॅम्पल टेबलावर पसरला. प्रत्येक कोयरीच्या देठाच्या उजवीकडे, निळ्या जमिनीत, एक पांढरा लूप वर आलेला. एकच. बोटानं दाबला तर निळ्यात दडायचा, बोट काढलं की परत वर. एका रांगेत चार कोयऱ्या, चारही ठिकाणी अगदी त्याच जागी. माग चुकला असता तर टिपके वाटेल तिथं पडले असते. हा टिपका शिस्तीत होता, म्हणजे तो रिपीटमध्येच, पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ नमुन्यातच, होता. घरी येऊन फाइल उघडली, झूम केलं, आणि तो दिसला. निळ्यात एक पांढरा चौकोन. तो मी भरलेला नव्हता. शनिवारी तपासताना तो तिथं नव्हता, याची मला आजही खात्री आहे.

नशीब, सॅम्पलवरच सापडलं. तरी माग अर्धा दिवस बंद राहिला, आणि कारखानदारासमोर उभं राहून माझ्या फाइलीत चूक आहे म्हणण्याची ती वेळ मला फार लागली. अण्णांच्या हातच्या कार्डांचं इतक्या वर्षांत नाव झालंय, त्या घरातून गेलेली फाइल ती.

भाचा धावत आला. त्याचा पहिला अंदाज तोच, जो सगळ्यांचा असतो: वेगवेगळ्या रॅम एकत्र केल्या, म्हणून झालं. दुरुस्तीवाल्याला दाखवलं तर तोही म्हणाला, दोन कंपन्यांच्या रॅम एकत्र चालतच नाहीत, नवी पट्टी काढून टाका. मला हे पटेना, कारण लेबल एका कंपनीचं असलं तरी आतल्या चिपा बनवणारे जगात मुख्यतः तिघंच आहेत, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एकाच लेबलच्या, एकाच नंबरच्या दोन पट्ट्या सहा महिन्यांच्या अंतरानं घेतल्या तर आतल्या चिपा निराळ्या निघू शकतात. सुतासारखंच आहे हे. मिल तीच, काउंट तोच, पण लॉट वेगळा लागला की रंगवल्यावर कापडात पट्टा उठतो. म्हणून आपण लॉट बघतो, मिलच्या नावावर सोडत नाही. रॅममध्येही जुळणं न जुळणं हे चिपांवर आणि त्यांच्या मांडणीवर असतं. लेबलावर ‘१आर×८’, ‘२आर×८’, ‘१आर×१६’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते तेच. आर म्हणजे रँक, चिपांच्या रांगा, आणि पुढचा आकडा एका चिपेची रुंदी. माझी जुनी १आर×१६ होती, भाच्याची १आर×८. हीसुद्धा जोडी बहुतेक बोर्ड चालवून घेतात.

तरी भाच्यानं विंडोजमधली मेमरी तपासणी लावली. मंगळवारी सकाळी सात वाजता, दोन्ही पट्ट्या आत. अर्ध्या-पाऊण तासात निकाल: काही दोष नाही. मग त्यानं आपली पट्टी एकटी ठेवून लावली. तिच्यातही दोष नाही. आता तो पुरता गोंधळला. "एकत्र आल्यावरच भांडतायत, आत्या. माझी काढूनच टाकतो."

अण्णा बाजेवर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांना रॅम म्हणजे काय ते ठाऊक नाही. ते म्हणाले, "नव्या कार्डाचाच दोष, हे तुम्ही ठरवूनच बसलात. जुनं कार्ड उजेडाला धरलं का कुणी?"

जुनी पट्टी एकटी कुणीच तपासली नव्हती. सहा वर्षं ती आत होती, तिच्यावर सगळं चाललं होतं, म्हणून ती चांगली, असं आम्ही तिघांनी, दुरुस्तीवाला धरून, मनोमन मानलं होतं.

भाच्यानं मेमटेस्ट ८६ प्लस पेनड्राइव्हवर टाकलं. हे फुकट मिळतं, विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतं, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम त्याला तपासायला मोकळी मिळते. विंडोजच्या तपासणीपेक्षा हे फार कसून बघतं. रॅमच्या प्रत्येक जागी ठरावीक आकडे लिहायचे, परत वाचायचे, उलटे करून पुन्हा लिहायचे, पुन्हा वाचायचे, आणि संपलं की पहिल्यापासून. बुधवारी सकाळी दहाला जुनी पट्टी एकटी आत ठेवून ते चालू केलं. माझी खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. एप्रिलचा शेवट, बाहेर ४२-४३ अंश. एक फेरी झाली, स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरी स्वच्छ. मी खाली भाकरी करायला गेले. अडीचच्या सुमाराला वर आले तर काळ्या-निळ्या स्क्रीनवर लाल ओळ.

एकच ओळ. तिच्यात पत्ता, तिथं काय हवं होतं, तिथं काय सापडलं. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी, आणि फरक एकाच जागी: जिथं ० हवा तिथं ४. संगणकाच्या हिशोबात ० आणि ४ मध्ये एकाच बिटाचा फरक. एक भोक. मी बघत असतानाच दुसरी लाल ओळ आली, पत्ता तोच. साडेचारपर्यंत अकरा झाल्या, अकराही त्याच पत्त्यावर. सहानंतर ऊन उतरलं आणि रात्रीच्या फेऱ्यांत एकही आली नाही.

मी भाच्याला फोन केला आणि अण्णांना खोलीत बोलावून ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून बोट त्या ४ वर ठेवलं. "हेच ते भोक?" "हेच." ते काही बोलले नाहीत, खुर्चीवर बसून अजून एक ओळ येईपर्यंत बघत राहिले.

असं का होतं, तेही सांगते. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक अतिशय लहान कपॅसिटर, विजेची इवलीशी घागर. भरलेली असली तर एक अर्थ, रिकामी असली तर दुसरा. या घागरी सगळ्याच थोड्याथोड्या पाझरतात. म्हणून मेमरी दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक घागर वाचून परत भरून घेते. चांगली घागर तेवढा वेळ आरामात टिकते. पण उष्णता वाढली की पाझर वाढतो. म्हणूनच चिपेचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर दुप्पट वेळा भरावं असा नियमच आहे. माझ्या पट्टीत एक घागर कच्ची होती. हिवाळ्यात, सकाळी, रात्री ती कशीबशी तग धरायची. उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याखाली ती पुढच्या भरणीपर्यंत टिकत नव्हती. भाच्याच्या सकाळी सातच्या तपासणीला ती सापडू शकतच नव्हती.

आणि मग २०२४ चा उन्हाळा आठवला. दुपारी बंद पडणारं सॉफ्टवेअर, पावसाळ्यात थांबलेलं. मेमरी कमी पडत नव्हती, किंवा नुसती कमी पडत नव्हती. ती कच्ची जागा तेव्हा प्रोग्रॅमच्या वाट्याला यायची, म्हणून प्रोग्रॅम कोसळायचा. दुसरी पट्टी आल्यावर दोन चॅनेलांत पत्त्यांची वाटणी नव्यानं झाली, आणि तीच जागा आता माझ्या चित्राच्या वाट्याला आली. प्रोग्रॅम कोसळला की निदान कळतं तरी. चित्रातला एक चौकोन बदलला तर कोण सांगणार? मिसळण्यानं दोष निर्माण झाला नाही, पण त्याची जागा बदलली, आणि त्यामुळेच तो टॉवेलवर येऊन उभा राहिला.

मला सगळ्यात जड गेलं ते यानंतरचं काम. त्या दोन उन्हाळ्यांत सेव्ह केलेल्या सगळ्या फाइली तपासायच्या. भाच्याच्या कॉम्प्युटरवर एकेक उघडून, रिपीट मोठं करून, ओळीनं डोळे फिरवायचे. बावीस डिझाइनं. चार रात्री गेल्या. एका चादरीच्या किनारीत अजून एक चौकोन सापडला, वेगळ्या रंगाचा, पण तसाच एकटा. ती चादर अजून मागावर चढली नव्हती. त्या कारखानदाराला मी स्वतः फोन करून फाइल बदलून दिली.

जुनी पट्टी काढली. जूनमध्ये पार्क चौकाजवळच्या एका दुकानातून ८ जीबीची नवी घेतली. दुकानात २४०० ची नव्हती, २६६६ चीही नव्हती, होती ती ३२०० ची. भाच्याच्या २६६६ शेजारी ३२०० ची, दोन लेबलं, दोन स्पीड, आणि तरी मी डोळे उघडे ठेवून घेतली. ३२०० च्या चिठ्ठीत खालच्या स्पीडच्या नोंदीही असतात. दोघी २४०० वर उतरल्या, ८ आणि ८ समसमान, म्हणून पूर्ण १६ जीबी दुहेरी चॅनेलवर. मात्र या वेळी क्रम वेगळा होता. आधी नवी एकटी, दिवसभर. मग भाच्याची एकटी, दिवसभर. मग दोघी एकत्र, एक दिवस आणि एक रात्र. एकही लाल ओळ नाही. त्यानंतरच पहिलं डिझाइन उघडलं.

एकट्या पास होतात आणि एकत्र नापास, असंही घडतं. मग बायोसमध्ये जाऊन स्पीड एक पायरी खाली आणायचा, २४०० चा २१३३ करायचा, आणि पुन्हा तपासायचं. एक्सएमपी चालू असेल तर आधी तेच बंद करायचं, कारण ती कंपनीनं आपल्या पट्टीपुरती आखून दिलेली जादा वेगाची सेटिंग असते, शेजारणीची तिला माहिती नसते. चार स्लॉटचा बोर्ड असला तर दोन्ही चॅनेलांत बेरीज सारखी येईल अशी वाटणी करायची, इकडे ८ आणि ४, तिकडे ८ आणि ४.

जे मिसळतच नाही तेही आहे. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते. एकीला २४० पाय, दुसरीला २८८, आणि वीज दीड व्होल्ट विरुद्ध १.२. डीडीआर५ लाही २८८ पाय आहेत, पण खाच पुन्हा सरकलेली. बसत नसेल तर जोर लावू नका. फसवणारी जात दुसरीच आहे: सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड डीडीआर४. ती स्वस्तात दिसते, खाच तीच असल्यामुळे स्लॉटमध्ये बसतेही, पण साध्या बोर्डावर कॉम्प्युटर सुरूच होत नाही. पाहुण्यांपैकी एकाच्या कपाटातली पट्टी हीच निघाली. त्याच्याकडून मी लेबलाचा फोटो मागवला होता, त्यावरून कळलं. दुसऱ्याची जुन्या लॅपटॉपची आहे, डीडीआर३एल, १.३५ व्होल्टची. त्या पिढीतले काही लॅपटॉप तेवढ्याच व्होल्टची मागतात, दीडची साधी डीडीआर३ घेत नाहीत. त्याची त्याच लॅपटॉपमध्ये चालेल. त्याला एवढंच सांगितलंय की दोन्ही पट्ट्यांचे सोनेरी पाय स्वच्छ खोडरबरनं हलक्या हातानं पूस, आणि आधी जी आत आहे ती तपास.

तो सॅम्पल टॉवेल जॉबरनं मला देऊन टाकला. अण्णा तो रोज वापरतात. इतक्या धुण्यांत बाकीचे लूप बसके झालेत, पण देठाजवळचा पांढरा अजून दिसतो. माझा कॉम्प्युटर जूनपासून एकदाही कोसळला नाही. पण या दोन पट्ट्यांनी पत्र्याखालचा एप्रिल अजून बघितलेला नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी लिहून ठेवलंय: ‘सकाळी दहा, मेमटेस्ट, दिवसभर काम नाही.’ त्या आठवड्याची ऑर्डर आधीच देऊन टाकणार आहे.